हौशी रेसर्ससाठी नवी मोटरसायकल: आराखड्याची सुरुवात पडण्याच्या खर्चापासून व्हावी

ट्रेलिस (धागाकर्ता)

आठवडाभर नोकरी-धंदा सांभाळून, टायरपासून प्रवेश शुल्कापर्यंत सगळे स्वतःच्या खिशातून भरून शर्यतीत उतरणाऱ्या माणसासाठी भारतात नवी स्पोर्ट मोटरसायकल घडवायची असेल, तर तिचा आराखडा कोणत्या प्रश्नापासून सुरू व्हावा, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच मांडतो. सकाळच्या सरावात गाडी घसरली, तर दुपारच्या शर्यतीला ती किती वेळात आणि किती पैशांत पुन्हा उभी राहील, हा पहिला प्रश्न असावा. अश्वशक्ती, कमाल वेग, इलेक्ट्रॉनिक्स हे सगळे त्यानंतर यावे. हौशी चालक शिकत असतो आणि शिकणारा पडतो. ज्या गाडीवर पडणे परवडत नाही, ती गाडी माणूस सांभाळून चालवतो आणि सांभाळून चालवणारा फारसे शिकत नाही.

आपल्याकडे आजवर क्लब पातळीची आणि एका मॉडेलची (सर्वांकडे तीच गाडी असलेली) शर्यत बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांवर उभी राहिली. यामाहाची आर१५ २००८ मध्ये आली आणि तिच्यावर एका मॉडेलची स्पर्धा सुरू झाली. पुढे होंडाची सीबीआर, सुझुकीची जिक्सर, टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० आणि २०२१ पासून रॉयल एनफिल्डची काँटिनेंटल जीटी याच वाटेने आल्या. या स्पर्धांनी खूप चालक घडवले, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. मात्र यांतली प्रत्येक गाडी आधी रस्त्यासाठी आखली गेली आणि नंतर ट्रॅकवर नेली गेली, त्यामुळे हेडलाइटच्या ब्रॅकेटपासून मागच्या सीटच्या नळ्यांपर्यंत शर्यतीत निरुपयोगी असलेल्या कितीतरी गोष्टींचा भार तिच्या सांगाड्यात मुळातच असतो.

आपल्या दाराशी असलेले उदाहरण म्हणजे चाकणची केटीएम आरसी ३९०. बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि त्यातून लहान क्षमतेच्या ज्या गाड्या चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या, त्यांतली ही एक. ८९ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ६० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) आणि ३७३ सीसीचे एकच सिलिंडर एवढ्या भांडवलावर तिने २०१४ मध्ये जर्मनीच्या एडीएसी ज्युनियर कपमध्ये आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या मोटोअमेरिका मालिकेतील आरसी कपमध्ये कोवळ्या वयाच्या चालकांना शर्यतीत आणले. पुण्याजवळ जुळलेली गाडी युरोप-अमेरिकेतल्या मुलांची पहिली शर्यतीची गाडी झाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. विशेष म्हणजे कपसाठीच्या गाडीत रिस्ट्रिक्टर बसवून तिची शक्ती मुद्दाम कमी केली होती. सर्वांना सारखी आणि टिकाऊ गाडी मिळावी, हा हेतू तिथे शक्तीपेक्षा वरचा ठरला. नंतर २०१८ मध्ये कंपनीने जागतिक सुपरस्पोर्ट ३०० वर्गासाठी ५०० गाड्यांची आरसी ३९० आर ही मर्यादित आवृत्ती काढली. तिच्यात महागडे सस्पेन्शन आले, आणि तिथून ती गाडी हौशी माणसापासून दूर जाऊ लागली, असे मला वाटते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण जर्मनीच्या क्रेमर या छोट्या कंपनीचे आहे. तिने एचकेआर ही गाडी पहिल्या रेषेपासून फक्त ट्रॅकसाठी आखली. इंजिन केटीएमच्या ६९० मालिकेतले, म्हणजे हजारो रस्त्यावरच्या गाड्यांत वापरलेले एक सिलिंडरचे. त्याभोवतीची चौकट मात्र स्वतःची. पेट्रोलची टाकी मागे, सीटच्या खाली नेलेली आहे आणि तीच मागच्या भागाचा आधार आहे, त्यामुळे वेगळी सबफ्रेम (सीट पेलणारी मागची जोडचौकट) उरतच नाही. वाकायला नळ्याच नसतील, तर त्या सरळ करण्याचा प्रश्नही येत नाही. याच कंपनीच्या साहाय्याने केटीएमने २०२१ मध्ये ८८९ सीसीची आरसी ८सी जाहीर केली आणि पहिल्या १०० गाड्या काही मिनिटांत संपल्या. ती किंमत आपल्या हौशी रेसरच्या आवाक्यातली नाही, तेव्हा ती गाडी आपल्याला नको. तिच्यामागचा विचार मात्र हवा: इंजिन बाजारातले, सुटे भाग कुठेही मिळणारे, आणि इंजिनाभोवतीची रचना पूर्णपणे ट्रॅकसाठी.

आता क्षमतेविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के आणि त्यापुढच्या मोटरसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. हा फरक इतका मोठा आहे, की परवडणाऱ्या गाडीचा विचार करताना ३५० सीसीच्या आतच राहावे लागेल. ८६ मिलिमीटर बोअर आणि ६० मिलिमीटर स्ट्रोक घेतला, तर ३४८.५ सीसी होतात. मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर येतो, जो टिकाऊ इंजिनासाठी सुरक्षित मर्यादेत आहे. अशा इंजिनातून ४० अश्वशक्तीच्या आसपासचे बळ विश्वासाने मिळावे आणि इंजिन उघडावे लागले तर एक पिस्टन, एक सिलिंडर-हेड आणि चार व्हॉल्व्ह एवढ्यावर काम भागावे, असा माझा आग्रह आहे.

चौकट, थंडावा, नियम आणि सस्पेन्शन या विषयांवर जाणकारांनी लिहावे. सहमत नसाल, तर कारणांसह लिहावे.

---

जिग_आणि_वेल्ड

चौकटीबद्दल लिहितो, कारण अपघातात सापडलेल्या गाड्या सरळ करणे हेच माझे रोजचे काम आहे.

गाडी वळणात पुढून किंवा मागून घसरून आडवी पडते, तेव्हा जमिनीला आधी लागतात ते क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कच्या नळ्यांना वेगवेगळे बांधलेल्या) हँडलचे टोक, फुटरेस्ट, इंजिनाचे बाजूचे झाकण आणि अॅक्सलचे टोक. या प्रकारच्या पडण्यात चौकट सहसा वाचते. मात्र फुटरेस्टची ब्रॅकेट थेट मुख्य चौकटीला वेल्ड केलेली असेल, तर तो धक्का ब्रॅकेटमधून सरळ चौकटीत उतरतो. म्हणून ब्रॅकेट स्वतंत्र असावी, ती दोन बोल्टवर बसावी, आणि चौकटीला ओढ लागण्याआधी ते बोल्ट किंवा ब्रॅकेट तुटावी, इतकी त्यांची ताकद मोजून ठेवलेली असावी. तुटायचेच असेल तर स्वस्त आणि पटकन बदलता येणारे तुटले पाहिजे, हे डिझाइनरने कागदावरच ठरवायला हवे.

हँडलचा थांबा ही दुसरी नाजूक जागा. गाडी गडगडत जाताना पुढचे चाक जोराने एका बाजूला वळते आणि फोर्कचा खालचा क्लॅम्प स्टीअरिंग-हेडजवळच्या (चौकटीच्या ज्या पुढच्या नळीत हँडल फिरते तिच्याजवळच्या) थांब्यावर आदळतो. हा थांबा हेडच्या नळीलाच जोडलेला असेल, तर तो तुटताना नळीचा तुकडा घेऊन जातो किंवा ती नळी वाकवतो, आणि मग सगळी चौकट जिगवर (चौकट मापात धरणाऱ्या साच्यावर) चढवावी लागते. थांबा बोल्टने लावलेला आणि बदलता येणारा असावा. ही शे-दोनशे रुपयांची वस्तू पूर्ण चौकट वाचवू शकते.

चौकट पोलादी नळ्यांची ट्रेलिस (त्रिकोणी जाळीसारखी जोडलेली) घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ओतीव अॅल्युमिनियमची चौकट हलकी आणि देखणी असते, पण तिला तडा गेला तर आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळांत ती खात्रीने दुरुस्त होत नाही. पोलादी नळी कापता येते, नवी बसवता येते, टिग वेल्डिंगने जोडता येते, आणि जिग असेल तर माप परत मिळवता येते. कोल्हापूर, पुणे, कोइम्बतूर या गावांत असे काम करणारी कुशल माणसे आहेत. आरसी ३९०च्या दुसऱ्या पिढीत मागची सबफ्रेम बोल्टने जोडलेली आली, तो बदल रेसरसाठी फार मोलाचा होता. नव्या गाडीत तीच पद्धत ठेवावी. क्रेमरसारखी टाकीचीच सबफ्रेम करण्याचा मोह मात्र टाळावा. टाकीचा साचा महाग पडेल आणि टाकी फुटली तर तिच्यासोबत मागचा भागही बदलावा लागेल.

एक विनंती: निर्मात्याने चौकटीची मापे, म्हणजे स्टीअरिंग-हेडचा कोन, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या हाताच्या) पिव्हटपर्यंतचे अंतर, इंजिनाच्या बोल्टची स्थाने, उघडपणे प्रसिद्ध करावीत. मापे माहीत असतील तर जिग कोणीही बनवू शकेल. आज आम्ही दुसरी चांगली गाडी शेजारी उभी करून तिच्यावरून मापे घेतो.

---

स्क्रूटिनी_टेबल

शर्यतीआधी गाड्यांच्या तपासणीच्या टेबलामागे बसणाऱ्याच्या नजरेने काही मुद्दे मांडतो.

शर्यतीच्या सकाळी नवख्या चालकांचा सर्वांत जास्त वेळ कशात जातो, तर रस्त्याची गाडी नियमांत बसवण्यात. आरसे, इंडिकेटर, स्टँड काढणे सोपे असते. अवघड असते ते पुढचे. तेल बाहेर सोडणारे प्रत्येक बूच आणि तेलाचा फिल्टर तारेने बांधलेला हवा, पण बुचाला तारेसाठी भोकच नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खालची फेअरिंग (गाडीभोवतीचे बाहेरचे आवरण) इंजिनातील तेल आणि कूलंट मिळून होणाऱ्या प्रमाणाच्या किमान निम्मे साठवू शकेल अशी असावी लागते, म्हणजे इंजिन फुटले तरी तेल ट्रॅकवर येऊ नये. रस्त्याच्या गाडीची फेअरिंग मात्र खालून उघडी असते. रेडिएटरमध्ये ग्लायकोल (कूलंटमध्ये मिसळले जाणारे रसायन) चालत नाही, कारण ते ट्रॅकवर सांडले तर निसरडे होते आणि लवकर वाळत नाही. मागच्या स्प्रॉकेटपाशी बोट किंवा पाय अडकू नये म्हणून पात्यासारखा संरक्षक लागतो आणि दुसऱ्या गाडीच्या स्पर्शाने ब्रेक आपोआप दाबला जाऊ नये म्हणून ब्रेकच्या लिव्हरला आडोसा लागतो.

हे सगळे कारखान्यातूनच बसवून दिले, तर गाडीची किंमत फारशी वाढणार नाही. उलट प्रत्येक चालकाने बाहेरून वेगवेगळे करून घेण्यापेक्षा एकूण खर्च खूपच कमी येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते नीट होईल. घाईत, हाताने पाडलेल्या भोकात बांधलेली तार पाहून मला नेहमी काळजी वाटते. एखाद्याच्या बुचातून गळलेल्या तेलावर मागून येणारा दुसराच कोणीतरी घसरतो, हे तपासणीच्या टेबलावर बसून विसरता येत नाही.

---

दोन_सिलिंडर

धागाकर्त्यांचा पडण्याच्या खर्चाचा मुद्दा मान्य आहे, पण इंजिनाबाबत माझा स्पष्ट मतभेद आहे.

तुमचेच गणित पुढे नेतो. ६८ मिलिमीटर बोअर आणि ४८ मिलिमीटर स्ट्रोकची दोन सिलिंडरे घेतली, तर ३४८.६ सीसी होतात. पिस्टनचा तोच, सेकंदाला २० मीटरचा सरासरी वेग आता मिनिटाला १२,५०० फेऱ्यांवर येतो. सिलिंडरांत हवा तितक्याच चांगल्या रीतीने भरत असेल, तर शक्ती फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच क्षमतेतून आणि त्याच ताणात सुमारे एक चतुर्थांश जास्त शक्ती मिळू शकते. शिवाय धक्के कमी आणि शक्तीचा प्रवाह सलग. जागतिक सुपरस्पोर्ट ३०० वर्ग २०१७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ३९९ सीसीच्या दोन सिलिंडरांच्या कावासाकी निन्जा ४०० वर आना कारास्को हिने विजेतेपद मिळवले. मोटरसायकल रोड रेसिंगमध्ये एकेरी जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. त्या वर्गात दोन सिलिंडरांच्या गाड्यांना आवरण्यासाठी संयोजकांना फेऱ्यांची मर्यादा आणि वजनाचे नियम लावावे लागले होते, याचा अर्थ उघड आहे. दोन सिलिंडरांची निन्जा ३०० तर चाकणलाच जुळवली जाते, तेव्हा आपल्याकडे असे इंजिन बनवता येत नाही, असेही नाही.

आणखी एक गोष्ट आहे. हौशी रेसर हिशोब करतो हे खरे, पण तो शर्यतीत येतो ते वेगाच्या ओढीने. चेन्नईच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर सरळ रस्त्यात गाडी दमली, तर तो पुढच्या वर्षी दुसरी गाडी घेईल आणि आपली सगळी काळजीपूर्वक आखणी वाया जाईल.

---

ट्रेलिस (धागाकर्ता)

तुमचे गणित बरोबर आहे आणि मुद्दाही वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

मिनिटाला १२,५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टन दुप्पट, व्हॉल्व्ह दुप्पट, व्हॉल्व्हच्या फटी तपासण्याचे काम दुप्पट आणि इंजिनाची रुंदीही जास्त. रुंदी वाढली की बाजूची झाकणे बाहेर येतात, गाडी कलल्यावर जमिनीला लवकर टेकतात आणि पडल्यावर आधी तीच फुटतात. सरळ रस्त्यात मिळालेला फायदा खरा आहे, पण त्याची किंमत हंगामाच्या शेवटी इंजिन उघडताना मोजावी लागते.

आणि एका मॉडेलच्या शर्यतीत शेजारच्या चालकाकडेही तेच इंजिन असते. सर्वांकडे ४० अश्वशक्ती असतील, तर सरळ रस्त्यात कोणीच दमत नाही. फरक पडतो तो ब्रेक कुठे लावला आणि वळणातून वेग किती राखला याने. कमी शक्तीच्या गाडीवर वळणातला वेग हरवला, की तो परत मिळवायला पुढचा सगळा सरळ रस्ता लागतो. म्हणून ती चालकाची चूक लपवत नाही. ज्यांना आणखी वेग हवा असेल त्यांच्यासाठी मोठे वर्ग आहेतच. पहिल्या दोन-तीन हंगामांची गाडी म्हणून मी एक सिलिंडरच निवडेन.

---

दख्खनी_पिट

पश्चिम महाराष्ट्रातून रेसिंग करणाऱ्यांची एक अडचण इथे नोंदवावीशी वाटते. पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक साधारण १,२०० किलोमीटर दूर आहे आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवेही जवळपास तितकाच. टेम्पो भाड्याने घेऊन, एक मेकॅनिक सोबत घेऊन जाणाऱ्या माणसाला सुट्या भागांची पेटी घरूनच भरावी लागते. म्हणून नव्या गाडीबरोबर कंपनीने एक ठरलेली ‘पडण्याची पेटी’ विकावी: दोन्ही क्लिप-ऑन, लिव्हर, फुटरेस्टच्या ब्रॅकेट, हँडलचा थांबा, इंजिनाचे झाकण, गास्केट, बोल्ट. आणि तीच पेटी शर्यतीच्या दिवशी पॅडॉकमध्येही (ट्रॅकवरच्या गाड्या तयार करण्याच्या जागीही) विकत मिळावी. डाव्या-उजव्या बाजूचे जितके भाग सारखे ठेवता येतील तितके ठेवावेत. दोन्ही बाजूंना एकच फुटरेस्ट बसत असेल, तर पेटी लगेच हलकी होते.

उष्णतेबद्दलही लिहितो. दुपारच्या चेन्नईत पुढच्या गाडीच्या मागे चिकटून धावताना रेडिएटरला गरम हवा मिळते. नियमांमुळे त्यात साधे पाणी असते, म्हणजे उकळण्याचा बिंदू ग्लायकोलमिश्रित कूलंटपेक्षा कमी. त्यामुळे रस्त्याच्या गाडीतला रेडिएटर उचलून इथे लावणे पुरणार नाही. मोठा रेडिएटर, आणि त्यातून गेलेली गरम हवा बाहेर जायला फेअरिंगमध्ये पुरेशी वाट, हे दोन्ही सुरुवातीपासून हवे. फेअरिंग खालून बंद असणार, हे वर आलेच आहे. म्हणजे बाजूची वाट अधिकच गरजेची.

---

सॅग_मोजणारा

सस्पेन्शनवर अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

टीव्हीएसने २०२१ मध्ये आरआर ३१० साठी ‘बिल्ट टू ऑर्डर’ योजना आणली आणि तिच्यात समायोज्य सस्पेन्शनचा डायनॅमिक कीट आणि बसण्याची ठेवण बदलणारा रेस कीट असे पर्याय कारखान्यातून दिले. ही दिशा मला फार योग्य वाटते. हौशी चालकाला महागड्या फोर्कपेक्षा त्याच्या वजनाला योग्य अशी स्प्रिंग जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे एकाच शर्यतीत ५५ किलोचा महाविद्यालयीन मुलगा आणि ९० किलोचा चाळिशीतला गृहस्थ शेजारी उभे असतात; दोघांना एकच स्प्रिंग दिली, तर एकाची गाडी ब्रेकखाली पूर्ण खाली बसते आणि दुसऱ्याची हलतच नाही. त्यामुळे प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी) आणि रिबाउंड (दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडावी) एवढे दोनच समायोजन असले तरी चालेल, पण पुढच्या-मागच्या स्प्रिंगचे तीन पर्याय गाडी घेतानाच वजनानुसार निवडता यावेत. समायोजनाचे वीस टप्पे नवख्या माणसाला गोंधळात टाकतात.

---

कारी_स्मरण

या चर्चेत एस. करिवर्धन यांचे नाव यायला हवे. कोइम्बतूरच्या या माणसाने मारुती ८०० चे इंजिन घेऊन एकासनी रेसकार आखली आणि फॉर्म्युला मारुती हा वर्ग उभा राहिला. इंजिन देशात सगळीकडे मिळणारे, दुरुस्ती कोणत्याही चांगल्या गॅरेजात होण्यासारखी, आणि गाड्या सगळ्यांच्या सारख्या. पुढे फॉर्म्युला वनमध्ये धावलेल्या नरेन कार्तिकेयन याची पहिली शर्यत याच वर्गातली. १९९५ मध्ये करिवर्धन यांचा विमान अपघातात मृत्यू झाला; कोइम्बतूरच्या ट्रॅकला आज त्यांचे नाव आहे. मोटरसायकलच्या बाबतीत एवढ्या जिद्दीने असे काम आपल्याकडे अजून झालेले नाही, ही खंत मला अनेक वर्षे आहे. धागाकर्त्यांची कल्पना त्याच जातकुळीची आहे, म्हणून तिला माझा मनापासून पाठिंबा आहे.

---

ट्रेलिस (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून आलेल्या गोष्टी आराखड्यात घेत आहे: बदलता येणारा हँडलचा थांबा, ठरलेल्या ताकदीला तुटणाऱ्या ब्रॅकेट, दोन्ही बाजूंना चालणारे फुटरेस्ट, कारखान्यातूनच तारेसाठी भोके पाडलेली बुचे, वजनानुसार स्प्रिंग. टाकीची सबफ्रेम न करण्याचे कारणही पटले, त्यामुळे टाकी नेहमीच्या जागी आणि सबफ्रेम बोल्टवर.

जिग_आणि_वेल्ड, तुमच्याकडे एक प्रश्न राहतो. ब्रॅकेटचा बोल्ट तुटावा की ब्रॅकेट, यात माझा कल बोल्टकडे आहे, कारण तो स्वस्त आहे. पण बोल्ट तुटल्यावर त्याचा उरलेला भाग चौकटीच्या आट्यांत अडकला, तर पॅडॉकमध्ये तो काढायला बराच वेळ जाईल. आटे चौकटीत न ठेवता आरपार भोक आणि मागून नट असे केले, तर हा प्रश्न सुटतो का, की त्या जागी नटला पाना लावायला हात पोहोचणार नाही? फुटरेस्टमागची चौकटीची जागा मोजून कळवलीत, तर पुढचे रेखाचित्र त्याप्रमाणे काढून इथेच टाकतो.

---

जिग_आणि_वेल्ड

आरपार भोकच ठेवा. नटला पाना लावायची गरज पडू नये म्हणून आतल्या बाजूला नट अडकून राहील असा खाचा असलेला छोटा पोलादी तुकडा वेल्ड करता येईल. मग बाहेरून एकाच पान्याने काम होते. नट खराब झाला तर तो तुकड्यातून काढून दुसरा बसवता येतो, चौकटीला हात लावावा लागत नाही. स्विंगआर्मची साखळीकडची बाजू तिथे जवळ येते, म्हणून डाव्या बाजूचे अंतर आधी मोजतो आणि रविवारी आकडे देतो.